सोयीचे माप आणि समाधानाचे माप

वारकऱ्याला मोजदाद नवी नाही. माळेचे मणी एकशे आठ, महिन्याच्या एकादश्या दोन, आळंदीपासून पंढरीपर्यंतचे मुक्काम ठरलेले. नेम म्हटला की मोजणे आलेच. परंतु नेमाने जप करणारा मनुष्य हेही जाणतो की, माळ पुरी झाली तरी चित्त कोठे हिंडत होते हे मण्याला कळत नाही. माळ पुरी झाली हे बाहेरचे माप, आणि मन नामात रमले की नाही हे आतले माप. केवळ पहिले धरले तर जप यंत्रासारखा होतो. केवळ दुसरे धरले तर 'आमचे मन सदाच नामात असते' असे म्हणून माळ खुंटीला टांगण्याची सोय होते, आणि अशी माणसे आपल्या पाहण्यात नाहीत असे नाही!

याच दोन मापांचा विचार या पाठात समाजाच्या प्रगतीसंबंधाने करावयाचा आहे. अर्थशास्त्रातले पंडित पहिल्यास वस्तुनिष्ठ व दुसऱ्यास आत्मनिष्ठ म्हणतात. आम्ही येथे सोय आणि समाधान असे साधे शब्द योजतो. खोली किती फुटांची, पाणी किती वेळ, पगार किती, मूल जगते की दगावते, ही सोयीच्या मापाची अंगे. आणि त्या खोलीत राहणाऱ्याला आपले जिणे कसे वाटते, हे समाधानाचे माप. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत भक्ताचा योगक्षेम आपल्या माथी घेतात, आणि बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना संतोष हे लक्षण सांगतात. जे नाही ते मिळणे हा योग, मिळालेले टिकणे हा क्षेम. म्हणजे सोयही भगवंताने टाकून दिलेली नाही. ज्ञानेश्वरी वाचणारांनी हे दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचावे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. परळ-लालबागचा मुलूख या अभ्यासाला फार उपयोगी आहे, कारण येथल्या माणसांचे मोजमाप शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली व ती १८५६ साली ताडदेवला चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातून व घाटावरून माणसे येऊन गाळ्यांत राहू लागली. त्यांच्या कामाचे तास कोणी मोजत नव्हते, कारण तास सूर्यच ठरवीत असे. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्यांचा अर्ज तयार केला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या व अंगठे घेतले. आमच्या मते या मुलखातले समाधानाचे पहिले मोजमाप तेच होय. इतक्या लोकांनी 'आम्हांला हे असह्य होते' असे कागदावर सांगितले. सरकारच्या कोणत्याही तक्त्यात ही गोष्ट आली नव्हती. १८९० च्या जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच दिवस मागितला असे सांगतात. सुट्टी ही तासांत मोजता येते. पण त्या रविवारी चाळीच्या गच्चीत टाळ वाजू लागले, त्याची किंमत तासांत कशी काढावी?

आता आकड्यांकडे वळू. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसाने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत शंभरातील ९७ कुटुंबे एका खोलीत राहताना आढळली. त्याच सुमाराचा दुसरा आकडा अंगावर काटा आणणारा आहे. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली, आणि एका खोलीत राहणाऱ्यांत तर हे प्रमाण आठशेच्याही वर गेले. हा आकडा त्या काळी विलायतेपर्यंत गाजला.

पण येथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. हजारांतली आठशे मुले खरोखर मरत असती तर पिढी उभी राहिली नसती. मग आकडा खोटा होता काय? पुरता खोटा नव्हे, पण वाकडा होता. गिरणगावातल्या बाया बाळंतपणाला माहेरी, गावी जात. मुलाचा जन्म गावी व्हायचा, तो मुंबईच्या दप्तरात यायचा नाही. काही महिन्यांनी आई मुलाला घेऊन परत यायची, आणि त्या कोंदट खोलीत मूल गेले तर त्याचा मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरात लागायचा. शिवाय येथले कित्येक जन्म नोंदलेच जात नसत. वरचा आकडा पुरा आणि खालचा अपुरा, म्हणून भागाकार फुगला. तेव्हा बाहेरच्या मापावर डोळे मिटून विश्वासावे असे नाही, त्यालाही माणसांची राहणी ठाऊक असावी लागते. इतके वजा करूनही जे उरते ते भयंकरच होते, हेही विसरू नये. २०२० साली सबंध महाराष्ट्राचे अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १६ होते. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे रिकामे न झालेले पाळणे होत. प्रगती बिगती सब झूट असे म्हणणाऱ्या विरक्त मंडळींनी या ठिकाणी क्षणभर गप्प बसावे.

१८९६ साली प्लेगची साथ आली व १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले व त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. याच त्या बी. डी. डी. चाळी. एकंदर इमारती २०७, तळमजला आणि वर तीन मजले, बहुतेक इमारतींत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधणाऱ्यांनी माणशी जागा, हवा, काँक्रीटचा खर्च सर्व मोजले होते. त्या काळच्या गाळ्यांच्या मानाने ही सोय बरीच होती. आणि तरी पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. भाडे कामगाराला जड, वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला, आणि इमारतींचे रूप बराकीसारखे. सोय मोजली खरी, पण ज्याने राहावयाचे त्याला विचारले नाही. लोक आले ते हळूहळू, आणि मग मात्र असे आले की चार-चार पिढ्या तेथेच झाल्या.

मधल्या काळात त्या लांब व्हरांड्यांनी काय केले ते सांगण्याची आवश्यकता नाही, गिरणगावातला प्रत्येक वाचक जाणतो. दाराला कडी क्वचित. एकाच्या घरची हळद सबंध मजल्याची. गोकुळअष्टमीचे पारायण, गणपती, साताऱ्या-सांगलीकडच्या मंडळींची भजने, कोकणातल्या मंडळींची भजने आणि त्यांच्यातली ती प्रसिद्ध चुरस! पंढरीला जाणे ज्यांना रजेअभावी जमत नसे ते आषाढीला चालत वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरी जात, आणि आजही जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. खोलीच्या चौरस फुटांवरून आतल्या माणसाचे मोल ठरत असते तर त्या चाळीचा हिशेब कसा मांडला असता?

हे वाचून कोणी म्हणेल, 'मग चाळच बरी होती.' असे म्हणणारा बहुधा चाळीत राहिलेला नसतो, किंवा पुरुष असतो. व्हरांड्याच्या टोकाला असलेला सामाईक संडास, रात्री-अपरात्री तेथवर जाण्याचा संकोच, पहाटे चारला नळाखाली लावलेली हंडी, सासू-सासरे, दीर आणि नवे जोडपे यांच्यामध्ये एक पडदा, हे सर्व त्याच व्हरांड्याच्या आत होते. आठवणींत व्हरांडा उरतो आणि संडास विसरला जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चे ५०० झाले. ज्या म्हातारीला पहिल्यांदा स्वतःच्या घराच्या आत संडास मिळाला तिच्या सुखाला आम्ही तुच्छ लेखणार नाही, आणि कोणी कीर्तनात लेखले तर ते आम्हांस आवडणार नाही. पण तीच म्हातारी चार महिन्यांनी म्हणाली की 'दिवसभर माणूस दिसत नाही', तर तेही तितक्याच गंभीरपणे टिपून ठेवले पाहिजे. पहिल्या गोष्टीने दुसरी खोडली जात नाही.

आता आतल्या मापाच्या अडचणी पाहू, कारण आपल्या संप्रदायाला या बाजूने चूक होण्याचा संभव अधिक.

लोकांना त्यांचे समाधान विचारण्याची एक पद्धत अमेरिकन पंडित हॅडली कँट्रिल यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात मांडली. एक शिडी कल्पावी. तळ शून्य, टोक दहा. तुम्हांला शक्य असलेले उत्तमात उत्तम आयुष्य टोकाशी आणि वाईटात वाईट तळाशी. तुम्ही आज कोणत्या पायरीवर उभे आहात? हाच प्रश्न देशोदेशी विचारून २०१२ पासून जगाचा आनंद-अहवाल निघतो. दर देशात वर्षाला सुमारे हजार माणसे विचारली जातात व तीन वर्षांची सरासरी काढतात. २०२५ च्या अहवालात फिनलंड पहिला व भारत ११८ वा आला. वर्तमानपत्रांत दरवर्षी यावर चार दिवस गदारोळ होतो व पाचव्या दिवशी सर्व शांत. आम्हांस क्रमांकापेक्षा प्रश्नात अधिक रस आहे. 'उत्तमात उत्तम आयुष्य' म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्या बाईने उभ्या जन्मात लालबाग आणि आपले गाव यांपलीकडे काही पाहिले नाही, तिच्या शिडीचे टोकच ठेंगणे. ती सहाव्या पायरीवर आहे म्हणाली आणि तिची शिकलेली नात चौथ्या पायरीवर आहे म्हणाली, तर नात आजीपेक्षा अधिक दुःखी असे समजावे काय? नातीची शिडी लांब झाली, एवढेही त्यातून निघू शकेल.

यापेक्षा बोचरे उदाहरण अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनात पुढे आणले आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याच्या आरोग्यसंस्थेने सिंगूर भागात पाहणी केली व विधुर आणि विधवा यांना त्यांची प्रकृती कशी आहे ते विचारले. विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी प्रकृती बरी नाही किंवा जेमतेम आहे असे सांगितले. विधवांत असे सांगणाऱ्या शंभरांत दोन-तीनच निघाल्या. त्या काळच्या विधवेच्या ताटात काय पडत असे हे जाणणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. मग त्या बऱ्या होत्या काय? नव्हत्या. आपल्या प्रकृतीविषयी कुरकुर करण्याचा आपल्याला हक्क आहे, हेच त्यांना कोणी कधी शिकवले नव्हते. तोंडाने 'बरे आहे' म्हणणे आणि बरे असणे यांत हे एवढे अंतर पडू शकते.

येथेच आमच्या पाठाचा गाभा आहे. कीर्तनांत एक दृष्टांत वारंवार ऐकू येतो. शेठजी गादीवर कूस बदलतो आणि हमाल फुटपाथवर ढाराढूर झोपतो, म्हणून सुख संपत्तीत नाही. श्रोते माना डोलावतात. हमालाला झोप लागते ती बारा तास पाठीवर ओझे वाहिल्यामुळे, आणि त्याला कोणी विचारलेलेच नसते की बाबा, तुला गादी हवी काय? समाधानाचा उपदेश ज्याच्यापाशी आहे त्याला करावा. ज्याच्यापाशी नाही त्याला करणे यात धर्म किती आणि सोय किती, हे उपदेशकाने स्वतःस विचारावे.

संतांनी काय केले ते पाहा. तुकोबाराय स्वतः १६३० च्या सुमारच्या भीषण दुष्काळातून गेले. घरात पत्नी व मूल गेले, दुकान बुडाले. परंपरा सांगते की पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. येथे नीट लक्ष द्या. ऋणकोला 'बाबा रे, आहे त्यात समाधान मान आणि माझे व्याज दे' असे त्यांनी सांगितले नाही. समाधान स्वतः धरले आणि दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरवले. आतले माप आपणाला लावले, बाहेरचे दुसऱ्याला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात उपाशी माणसांना वैराग्य सांगितले नाही, सरकारी कोठारे उघडली आणि शिक्षा ओढवून घेतली. नाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला काशीहून आणलेले गंगोदक पाजले. एकानेही असे म्हटले नाही की तहान ही मनाची कल्पना आहे.

आणि चोखोबा? त्यांचे अभंग ज्याने वाचले आहेत त्याला 'संत म्हणजे कुरकुर न करणारा' ही व्याख्या टाकून द्यावी लागते. चोखोबांनी देवालाच जाब विचारला आहे, आपल्या वाट्याला आलेला विटाळ, मार, हेटाळणी सगळी मांडली आहे. भक्ती तिळभर कमी न होता दुःख सांगता येते, याचा तो दाखला आहे. ते गेले तेही मंगळवेढ्याच्या कुसवाचे काम करताना, १३३८ साली, भिंत अंगावर कोसळून. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली अशी कथा आहे. समाधी महाद्वारी होती, पण चोखोबांच्या जातभाईंना आत जावयास १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कोठे दार उघडले. या सहाशे वर्षांत पंढरीच्या वारकऱ्यांची संख्या वाढली, दिंड्या वाढल्या, फडांची व्यवस्था लागली. बाहेरचे सर्व आकडे चढते. आणि महाद्वाराबाहेर थांबलेल्याला काय वाटते हा रकाना कोणत्याही वहीत नव्हता, तो अभंगांत होता. ते अभंग आपण गातही होतो.

ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये ग्रंथ पुरा करताना जे मागणे मागितले त्याचा क्रम याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आधी अंतःकरणे पालटावी, मग जीवांत परस्पर मैत्र जडावे, आणि त्यानंतर ज्याला जे हवे ते त्याला मिळावे. शेवटची मागणी माउलींनी गाळलेली नाही. हवे ते काय, हे माउलींनी दुसऱ्याच्या वतीने ठरवूनही टाकलेले नाही.

पाश्चात्त्य देशांना हा विचार उशिरा सुचला, पण सुचल्यावर त्यांनी तो पद्धतशीर केला, हे मान्य केले पाहिजे. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला तेव्हाच बजावले होते की या आकड्यावरून लोकांचे कल्याण ताडू नका. कोणी ऐकले नाही. १९९० साली महबूब उल हक यांनी, सेन यांच्या साह्याने, उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण घेऊन मानवविकासाचा निर्देशांक काढला. भूतानने राष्ट्रीय आनंदाचे तत्त्व २००८ च्या आपल्या राज्यघटनेत घातले, आणि ते मोजताना राहणीमान, आरोग्य, शिक्षण यांच्या शेजारी मनाची स्वस्थता व शेजारधर्मही घेतला. फ्रान्सच्या अध्यक्षांनी नेमलेल्या, स्टिग्लिट्झ, सेन आणि फितूसी यांच्या समितीने २००९ साली स्पष्ट सांगितले की सरकारी खात्यांनी सोय मोजावी आणि लोकांना त्यांचे समाधानही विचारावे.

आकड्यांनी प्रगती आणि माणसांच्या दृष्टीने पडझड कशी होते याला गिरणगावच पुन्हा साक्षी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांची जमीन मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक अशा तिघांत वाटण्याचे ठरले. २००१ साली नियम बदलून वाटप फक्त इमारती नसलेल्या मोकळ्या जागेपुरते उरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. चिमण्या पडल्या, मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. परळच्या जमिनीचा भाव, तेथली उलाढाल, तेथला सरासरी पगार, कोणताही आकडा घ्या, तो वरच गेला. सरासरी वर गेली त्यात जुना साचेवाला कोठे होता? तो रखवालदाराच्या गणवेशात फाटकाशी उभा होता, किंवा खोली विकून डोंबिवली-विरारकडे गेला होता. गाळ्यांतल्या माणसांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांचे तर कोणत्याच हिशेबात नाव नव्हते. त्यांच्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टाकडे कामधंदा म्हणून पाहिले जाऊ लागले.

आणि २९ सप्टेंबर २०१७ चा तो दिवस. दसऱ्याचा आदला दिवस, सकाळची वेळ, अवचित पाऊस, आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा अरुंद पूल. चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज उतरणारी माणसे वाढत गेली, पूल होता तेवढाच राहिला. तो अरुंद आहे, तेथे जीव गुदमरतो, असे प्रवासी आधीपासून सांगत होते. 'जीव गुदमरतो' हे आतले माप होते. ते कोणी बाहेरच्या मापाच्या शेजारी ठेवून पाहिले नाही. तक्रार हे रडगाणे समजण्याची आपली जी सवय आहे, तिची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते. त्या स्टेशनाचे नाव २०१८ पासून प्रभादेवी झाले.

आता मंडळांसाठी अभ्यास. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील भजनी मंडळांनी आपापल्या चाळीपुरता, इमारतीपुरता हा प्रयोग करावा. एक दोनशे पानी वही घ्यावी. डाव्या पानावर सोय लिहावी. घरात माणसे किती, पाणी किती वेळ, संडास आत की बाहेर, जिना की लिफ्ट आणि ती चालू असते का, कामावर जाण्या-येण्यात किती तास जातात, दवाखाना किती लांब, मागल्या वर्षी आजारपणासाठी कर्ज काढावे लागले का. यात मते विचारू नयेत, पाहून आणि मोजून लिहावे.

उजव्या पानावर समाधान. येथे सावध राहावे. 'तुम्ही सुखी आहात का?' असा प्रश्न आपल्या लोकांना विचारून उपयोग नाही. 'माउलीच्या कृपेने सगळे बरे आहे' हे उत्तर ठरलेले. ती नम्रता आहे, माहिती नव्हे. म्हणून प्रश्न जवळचे असावेत. काल रात्री झोप लागली का? गेल्या आठवड्यात कोणाशी मोकळेपणी बोललात? रात्री दोनला छातीत दुखू लागले तर कोणाचे दार वाजवाल? मुलाने याच घरात संसार करावा असे वाटते का? या सोसायटीत आपल्याला कोणी कमी लेखते असे वाटते का? शेवटचा प्रश्न विचारताना विचारणाराने आपले आडनाव आणि समोरच्याचे आडनाव यांचे भान ठेवावे. सुनेला सासूच्या देखत विचारू नये, आणि सासूलाही सुनेच्या देखत नको. बायांकडे मंडळातल्या बायांनीच जावे. जे भजनाला येतात त्यांच्याकडेच जाऊन थांबू नये. जे येत नाहीत, ज्यांचे दार बंद असते, आणि इमारतीचे झाडूकाम, रखवाली करणारे, त्यांच्याकडे आधी जावे. वहीत नावे लिहू नयेत, खोलीला आपला खुणेचा अंक द्यावा.

मग दोन पाने शेजारी ठेवून वाचावी. जेथे दोन्ही पाने एकच सांगतात तेथे फारसे शिकण्यासारखे नाही. डावे पान भरलेले आणि उजवे कोरडे, असे घर निघेल. तेथे बहुधा माणसाची गरज आहे, आणि मंडळाने आठवड्यातून एकदा हरिपाठ त्या घरी म्हणावा. डावे पान रिते आणि उजव्यावर सर्व 'बरे आहे' असे घर निघेल, तेथे पुन्हा जावे. चहा घ्यावा, घाई करू नये, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेस काय ऐकू येते ते टिपावे. आषाढी एकादशीनंतर वही सुरू करून कार्तिकीपर्यंत पहिली फेरी पुरी होते. पन्नास-साठ घरांच्या इमारतीला चार जणांच्या दोन जोड्या पुरतात.